बेडकीचं दार

प्रिय ढमी,

गाडीला एकदाचा रंग लागला. किती दिवस आम्ही तुला फोनवर "होतंय, होतंय" म्हणत होतो, त्यामुळे तुझा विश्वास बसणार नाही. पण आपली बेडकी खरंच पुन्हा हिरवीगार झाली आहे. फोनवर न सांगता मुद्दाम लिहितेय, कारण फोन आला की तुझे बाबा शेजारीच येऊन बसतात.

जन्मभर लोकांच्या गाड्या रंगवलेला माणूस आपली गाडी दुसऱ्याला कशी रंगवू देईल? शेडच्या भिंतींना त्यांनी प्लास्टिक लावलं, काचांवर कागद चिकटवले, धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी मारलं. त्याआधी आठवडाभर पॉलिश पेपर घासून घरभर भुकटी केली, अगदी माझ्या उशीवरसुद्धा. मी बडबड बडबड बडबडले, ते ढिम्म. स्वारी खुशीत आहे असं मी धरून चालले होते. पण हल्ली ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. का, ते मी विचारत नव्हते आणि ते सांगत नव्हते.

परवा सकाळी शेवटचा हात मारायचा होता. रंगात हार्डनर मिसळलं की तो फवाऱ्याच्या गनच्या कपातच घट्ट व्हायला लागतो, मग थांबायची सोय नाही. छप्पर झालं, बॉनेट झालं, मी दिवा धरून उभी. ड्रायव्हरच्या बाजूचं दार तेवढं राहिलं आणि त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डाव्या हाताने त्यांनी मनगट आवळून धरलं, तरी गन स्थिर होईना. पहिलाच पट्टा वेडावाकडा गेला आणि ओघळला. तो त्यांनी फडक्याने पुसून काढला. कॉम्प्रेसर धडधडत होता आणि कपातला रंग दाटत चालला होता. मास्कवर त्यांचे नुसते डोळे दिसत होते. इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं गं.

मग त्यांनी गन माझ्या हातात दिली. माझ्या, जिला आजवर स्वतःची नखंसुद्धा धड रंगवता आली नाहीत! नको म्हणणार होते, पण कपाकडे नजर गेली. ते माझ्या मागे उभे राहिले आणि कानाशी म्हणाले, "आधी हात हलव, मग चाप ओढ. काही झालं तरी मध्येच थांबू नकोस." मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले. तुला सायकल शिकवताना मागून म्हणायचे ना, तसंच ते "चल, चल, सोड" म्हणत होते. एकदाचं दार झालं. ते लगेच वाकून खालची कड बघायला लागले आणि म्हणाले, इथे जरा जाड झालाय. त्यावर मला जे रडू कोसळलं, ते आवरेचना.

संध्याकाळी त्यांनी जुडग्यातून बेडकीची किल्ली काढली, तिला दोरा बांधला आणि खिळ्याला अडकवली. ढमीला द्यायची, एवढंच म्हणाले. रविवारी तू आलीस की चेष्टेवारी नेल्यासारखं करून ते ती तुझ्यापुढे धरतील. आणि तू दर वेळचंच म्हणशील, "बाबा, तुम्हीच चालवा, तुमच्यासारखी कुणाला जमते?" तसं म्हणालीस तर ते तुला नाही म्हणणार नाहीत, स्टिअरिंगवर बसतील. मागे शेडमध्ये घेतानाच त्यांच्या हातून गाडी खांबाला लागता लागता वाचली, मी शेजारीच होते. दवाखान्याचं आपण तिघं बसून बघू. माझ्या दाराला हवं तेवढं हस. पण या वेळी, माझे बाई, काही न बोलता किल्ली घे.

वाट बघणारी,
तुझीच आई