विंचरून न बसणारा भोवरा

नल्लकुंटा, मंगळवार संध्याकाळ

आज प्रयोगशाळेत एकदाचे भोवरे दिसले! भट्टीत वाढवलेल्या आमच्या स्फटिकात अणूंचे चिमुकले चुंबक गोल फेर धरून उभे होते. बाहेरून चुंबकाचा जोर थोडा कमी-जास्त केला, तरी मोडेनात. घरी आल्या आल्या आईला सांगायचं होतं, पण कसं? ती भाचीची वेणी घालत होती. मी पोरीच्या डोक्यावरचा भोवरा दाखवला. "हे असंच, आई. कितीही विंचर, हा राहतोच." आईनं तेल चोपडलं, फणी दाबून फिरवली. भोवरा तसाच.

"हौ गं, तुझाही असाच," ती म्हणाली. "ये, बस इथं."

मी मागचं स्थळ नाकारल्यापासून तिनं माझ्या डोक्याला हात लावला नव्हता. आता उशीला तेल लागणार. लागू दे.