डावीकडे ओढणारं घर

अकोला, सोमवार

प्रिय साडूभाऊ नत्थुजी यांस,

शेषरावचा अकोल्याहून रामराम. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल, सत्यवतीबाईंची साखर ताब्यात असेल आणि लेकीच्या, भावनाच्या लग्नाची धावपळ तुम्हाला पुरून उरत असेल, असं धरून चालतो. आम्ही दोघं तब्येतीनं ठीक आहोत. डोक्यानं ठीक आहोत की नाही, ते पत्र वाचून तुम्हीच ठरवा. पत्र मुद्दाम तुमच्या कापसाच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकलं आहे, कारण तुमचा मोबाइल आधी सत्यवतीबाई ऐकतात आणि उरलं तर तुम्ही. तेव्हा हे एकट्यानं वाचा आणि बसून वाचा.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलं होतं की, मलाही तुमच्यासारखं चालतं घर बनवून घ्यायचं आहे, तर त्याच्या चाकांचं अलाइनमेंट केव्हा केव्हा करावं लागतं? (तुम्हाला असलं काही बनवायचं आहे हे सत्यवतीबाईंना ठाऊक आहे काय? नसेल तर सांगू नका.) साडूभाऊ, महिनाभरापूर्वी विचारलं असतं तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं. आता मात्र या प्रश्नानं माझ्या अंगावर काटा येतो.

तुम्ही आमची गाडी पाहिलीच आहे. शाळेची जुनी बस, अमरावतीला बनवून घेतलेली. आत शेगडी, पाण्याची टाकी, आणि दोन्ही बाजूंना बाक, ज्यांच्या पोटात सामान राहतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर आमच्या दुर्गाबाईला समुद्र दाखवायचा, एवढ्यासाठी तो खटाटोप. पण समुद्र लांब, म्हणून सराव करायला आम्ही अकोला-अमरावती फेऱ्या सुरू केल्या, आणि पहिल्याच फेरीत गाडी डावीकडे ओढायला लागली. ओढायला म्हणजे किती? बोरगाव मंजूच्या पुढं मी स्टिअरिंगवरचा हात चष्मा पुसायला काढला, तर गाडी आपली आपण एका ढाब्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली. ढाबेवाल्यानं पाणी आणून ठेवलं. आता आलोच आहोत म्हणून आम्ही चहा घेतला. परतीला डावी बाजू बदलली, म्हणजे समोरच्या अंगाचे ढाबे आले. आज त्या रस्त्यावरचे दोन्हीकडचे ढाबेवाले मला नावानं ओळखतात. दुर्गाबाईचं म्हणणं एकच, की गाडीत दोष नाही, माझ्या जिभेत आहे.

मी गाडी घेऊन गेलो दाऊदभाईंकडे. जुन्या शहराला लागून रस्त्याच्या कडेला त्यांचं अलाइनमेंटचं दुकान आहे, कॅमेऱ्याचं मशीन आहे, आणि त्या मशीनचा त्यांना एवढा अभिमान, की गिऱ्हाइकाला आधी ते दाखवतात आणि मग गिऱ्हाइकाची गाडी बघतात. पण गाडी न्यायच्या आधी आमच्या घरात काय झालं ते ऐका, कारण सगळ्या अनर्थाचं मूळ तिथं आहे. परकी माणसं घरात येणार म्हटल्यावर आपल्याकडच्या बाया काय करतात? घर आवरतात. त्यात हे लोक नुसते येणार नव्हते, तर खाली आडवे होऊन घर बुडातून बघणार होते. हे कळल्यावर दुर्गाबाई हादरलीच. मला कटिंग करायला पिटाळलं, शेजारच्या चतुराबाईला हाक मारली, आणि दोघींनी मिळून गाडी अशी रिकामी केली, की आत देवाची तसबीरसुद्धा ठेवली नाही. टाकीतलं पाणीही तुळशीला आणि शेवंतीला घालून टाकलं. मी परत आलो तेव्हा चतुराबाई कंबर धरून ओट्यावर बसली होती. मी म्हटलं, भांड्यांचा एवढा भार? दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि दुर्गाबाईनं मला चहा ठेवायला पिटाळलं.

दाऊदभाईंनी चाकं जुळवली, मशीनवर हिरव्या रेघा आल्या, गाडी सुतासारखी सरळ चालली. घरी आलो, सामान परत चढलं (मला या वेळी दळणाला पिटाळलं), आणि अमरावतीला निघालो तर बोरगाव मंजूचा ढाबा पुन्हा समोर हजर. मी परत दाऊदभाईंकडं. परत घर आवरणं, परत हिरव्या रेघा. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा दाऊदभाईंनी मशीन झाकलं आणि चार माणसांदेखत म्हणाले, "काका, गाडी एकदम सीधी हाय. तुमीच तिरपे बसता." त्यानंतर मी आठ दिवस घरातल्या खुर्चीवरही ताठ बसत होतो.

एव्हाना पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड पार खाल्ली गेली होती आणि आतल्या तारा दिसायला लागल्या होत्या. अशा वेळी तरी माणसानं थांबावं! पण मागच्या बुधवारी दुर्गाबाई एका बारशाला माहेरी तेल्हाऱ्याला गेली आणि मी भाजी आणायला भरली गाडी बाहेर काढली. वाटेत एका खड्ड्यात चाक असं आदळलं, की सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग वाकडं धरावं लागायला लागलं. नवे टायर घालणं आलं, नवे टायर म्हणजे अलाइनमेंटही आलं, आणि घर आवरायला बाई घरात नाही. तशीच भरल्या घरानिशी गाडी दाऊदभाईंच्या दारात नेली.

त्यांनी डाव्या अंगाला जॅक लावला तर जॅक कण्हायला लागला. दाऊदभाई वाकून बघतात, उठून बघतात. मग म्हणाले, "काका, इकडून काय बांधकाम करून ठेवलं?" आम्ही दोघं आत चढलो. डाव्या बाकाची फळी मी उचलली आणि साडूभाऊ, ती तशीच धरून उभा राहिलो.

आत जातं होतं. दोन्ही दगडी तळ्या, खुंट्यासकट, सासूबाईंच्या हिरव्या लुगड्यात गुंडाळलेल्या, वर हळदकुंकू. तेच जातं! तुमच्या लग्नात हळद दळताना तुमच्या मावशीच्या हातून वरची तळी निसटून टवका उडाला होता ना? तो टवका मी बोटानं चाचपून पाहिला.

आता मला सांगा, मी कुठं तोंड लपवू? सासूबाई गेल्यापासून या जात्यावरून दोघी बहिणींचं बोलणं बंद. सासूबाईंनी जातं सत्यवतीबाईंना द्यायचं सांगितलेलं, भावनाची हळद त्यावरच दळायची असं ठरलेलं, आणि जातं तेल्हाऱ्याहून गायब. सत्यवतीबाईंनी नाव घेतलं दुर्गाबाईचं, आणि मी छाती ठोकून म्हटलं, या, घर धुंडाळा! तुम्ही बिचारे आलात, कोठीत डोकं घातलंत, पलंगाखाली सरपटलात. नंतर घरात कोंदट वाटतं म्हणून मीच तुम्हाला गाडीत नेऊन चहा पाजला. नत्थुजी, तुम्ही डाव्या बाकावर बसला होतात. जात्यावर बसून तुम्ही मला म्हणालात, जातं गेलं तर गेलं, माणसं जपू. दुर्गाबाईनं तुम्हाला वर आणखी चिवडा वाढला होता!

बाई तेल्हाऱ्याहून आली तशी मी विचारलं. वाटलं होतं, रडेल, निदान मान खाली घालेल. तिनं शांतपणे पाय धुतले आणि म्हणाली, "आईनं जल्मात अकोटच्या पुढं काही पाह्यलं नाई. त्या जात्यावर तिचा जलम गेला. एकडाव तिले समुद्र दाखवून आणू, मंग सत्तीचं सत्तीले देऊन टाकू." मी ओरडायला तोंड उघडलं होतं, पण सासूबाईंनी मला किती भाकरी वाढल्या, ते सगळं आठवलं आणि माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. रागवायला गेलेला माणूस रडत परत येतो, अशी ही बाई आहे.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. गाडी एका बाजूला ओढली, स्टिअरिंग वाकडं राहिलं, टायर एका कडेनं झिजला, मोठा खड्डा लागला किंवा नवे टायर घातले, की चाकं तपासून घ्यावीच. पण चालत्या घराचं अलाइनमेंट करायचं ते पाणी, सामान आणि माणसं जशी प्रवासात असतात तशी ठेवून. घर आवरून कधीही नेऊ नये. आणि त्याआधी प्रत्येक बाकाची फळी स्वतः उचलून बघावी.

घरातल्या थोरामोठ्यांना नमस्कार, भावनाला आशीर्वाद.

आपला,
शेषराव

ता. क. खरं काम राहिलंच. हळदीच्या आधी मी जातं घेऊन तुमच्याकडं धामणगावला येतो. तुम्ही सत्यवतीबाईंना एवढंच सांगा, की ते तेल्हाऱ्याच्या गोठ्यात कडब्याखाली सापडलं. हात जोडतो.

ता. क. २. एक अडचण. दाऊदभाईंनी हळदकुंकू पाहिलं आणि जात्याला हात लावायला नकार दिला. देवाचं सामान आहे, जिथं आहे तिथंच राहू द्या म्हणाले, आणि चाकं जात्यासकट जुळवली. गाडी आता सरळ चालते. म्हणजे जातं तुमच्याकडं उतरवलं, की ती उजवीकडं ओढणार.

ता. क. ३. पाकिटाला डिंक शोधायला उठलो तेवढ्यात दुर्गाबाईनं सगळं पत्र वाचलं. गोठा आणि कडबा खोडायला सांगते आहे. खोटं बोलायचं नाही, मी स्वतः येऊन सत्तीच्या पाया पडते म्हणते, वयानं मोठी असून. पुढचं तिच्याच शब्दांत लिहायचा हुकूम आहे: "सत्तीले सांगा, हळद झाली का जातं तुयंच. पण डाव्या बाकावर आईची जागा रिकामी राह्यते, तिथं तू येऊन बस. आपण दोघी समुद्र पाहू."

(दाऊदभाईंना फोन करून विचारलं. ते म्हणाले, बहीण डाव्या बाकावर बसत असेल तर चाकं पुन्हा जुळवायची गरज नाही. एवढी ओळ मात्र सत्यवतीबाईंना वाचून दाखवू नका.)