पेवातला हुकूम

दिंद्रुड, ता. ४ फेब्रुवारी १९७३

ती. दादांस वत्सलेचा शि. सा. न. वि. वि.

वहिनींच्या कुरडया पोचल्या. निम्म्या मोडल्या होत्या, म्हणजे बांधणारे हात तुमचेच असणार.

दादा, मला भीती वाटते. सोसायटीच्या विहिरीला सुरुंग लावतात. दुपारी शिट्टी झाली की हे माझं मनगट धरून अंगणातल्या पेवात उतरतात आणि वरची शिळा ओढून घेतात. दोन वर्षं ज्वारी पिकली नाही, पेव रिकामंच आहे. आत हे माझं तोंड दाबून धरतात. आवाज केलास तर दोघं मरू म्हणतात. काल आत कंदील विझला आणि माझा जीव घुसमटला. पोरगा-सून ऊसतोडीला गेलेत. मी माहेरी आले तर हे एकटे आत मरतील. तुम्ही लढाईत यांच्याबरोबर होता. काय करू ते कळवा.

माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची
वत्सला

अंबाजोगाई, ता. ९ फेब्रुवारी

चि. सौ. वत्सलेस अनेक आशीर्वाद.

कुरडया मीच बांधल्या, कबूल. तुझं पत्र वहिनीला दाखवलं नाही.

लग्न जमवताना मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. ब्रह्मदेशात बॉम्बने आम्हा दोघांचा खंदक ढासळला. मी निसटलो, बबनराव दीड दिवस मातीखाली होते. संसारात पडले की विसरतील असं मला वाटलं. चुकलो.

लढाईच्या दिवसांत ते फक्त सुभेदाराचा हुकूम मानत. शिट्टीआधीच तू शेजारी जाऊन थांब. सुरुंग उडून गेले की पेवाशी येऊन मोठ्याने म्हण, खतरा खतम, बाहर निकलो. एकोणीस तारखेला मी येतोच.

भावावर राग धरू नकोस.

आश्रुबा

दिंद्रुड, ता. २१ फेब्रुवारी

ती. दादांस शि. सा. न.

सोमवारी एस.टी.च्या दोन्ही गाड्या बघितल्या. तुम्ही आला नाहीत.

हुकूम चालला. पहिल्याच हाकेला हे वर आले, टाचा जुळवल्या आणि मला सलाम ठोकला. तेव्हापासून मला साहेब म्हणतात. विचारल्याशिवाय भाकरीला हात लावत नाहीत. सत्तावीस वर्षं निदान 'अगं' तरी म्हणायचे. काल हात जोडून म्हणाले की माझी बायको आतच राहिली हाय, तिला काढायची परवानगी द्या. मी समोर उभी होते. आता मला यांची आधीपेक्षा जास्त भीती वाटते. यावर उलटा हुकूम असेल तर लवकर कळवा.

वत्सला

अंबाजोगाई, ता. २६ फेब्रुवारी

चि. सौ. वत्सलेस आशीर्वाद.

मी सोमवारी आलो होतो. खिडकीतून तू लिंबाखाली उभी दिसलीस. तेवढ्यात सुरुंगाची शिट्टी झाली आणि मी बाकाखाली शिरलो. कंडक्टरने ओढून काढलं. त्याच गाडीने परत आलो. हे वहिनीलाही ठाऊक नाही.

उलटा हुकूम नाही. त्यांना परवानगी दे. शिळा पूर्ण बाजूला करून हवा खेळू दे, कंदील आत सोडून विझत नाही ना ते बघ, मग तू आत जाऊन बस. त्यांना तुला काढू दे. सांगताना लाज वाटते, पण दुसरं सुचत नाही.

तुझा भित्रा भाऊ
आश्रुबा

दिंद्रुड, ता. ३ मार्च

ती. दादांस शि. सा. न.

मी उतरले. यांनी मला दोन्ही हातांनी वर ओढलं, तोंडावरची माती पुसली आणि अगं, लागलं तर न्हाई ना असं विचारलं. मी पोटभर रडले.

मग हे पुन्हा पेवाच्या तोंडाशी जाऊन बसले. उठता उठेनात. आत वाकून विचारतात, आश्रुबा निघाला का. सकाळपासून तेवढंच विचारताहेत.

मी यांना काय सांगू, ते तुम्ही कळवा.

तुमची
वत्सला