नऊ घरांची लोकर

माय,

क्रोशाच्या सुईनं सहा साखळ्यांचं कडं करायचं, त्यात तीन-तीन खांबांचे चार गट घालायचे, कोपऱ्याला तीन साखळ्या सोडायच्या. एवढंच. तुला हे न बघता यायचं, अंगणवाडीच्या पायरीवर बसून, एकीकडं पोरांवर ओरडत. मला चार दिवस लागले. पहिला चौकोन वाटीसारखा खोलगट झाला, दुसऱ्याला पाच कोपरे आले. इथं लातूरला सत्तावीस वर्षं मी पोरांना विज्ञान शिकवतेय, पण मोबाइलवरची ती बाई "आता सुई आतून घ्या" म्हणते तेव्हा आतून म्हणजे नेमकं कुठून, ते मला कळत नाही. चिडून दोनदा सगळं उसवलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "तोंड चालतंय तसे हात चालव की गं जरा." आणि तोंड चालतं यात काही खोटं नाही. त्याबद्दलच लिहायला बसलेय.

विणायचं कारण आधी सांगते. दादाची मुलगी, तू गेलीस तेव्हा दहावीत होती ती, आता नांदेडलाच असते. सातवा महिना चालू आहे. मागच्या वर्षी तिचं एक पोटातच गेलं. दिवाळीच्या सुट्टीत तिचा फोन आला. "आत्या, आजीनं तुझ्या बाळासाठी विणलं होतं ना, तसं रंगीबेरंगी पांघरूण मला विणून देशील? आणि लोकर मागून आणायची असते ना गं? आजी सांगायची." औषधनिर्माण शिकलेली पोरगी. हसत हसत म्हणत होती, पण आवाज नीट नव्हता तिचा. मी हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिले. त्या पांघरुणाचं मी काय केलं ते तिला कुठं ठाऊक आहे!

मागणं म्हणजे काय, ते तूच मला शिकवलं होतंस. मी दुसरीत असेन. शेजारच्या घरात शेंगदाण्याचे लाडू वळत होते आणि मी त्यांच्या दारात उभी होते. मागितलं नव्हतं, शप्पथ, नुसती उभी होते. तू आलीस, दंडाला धरून घरात ओढलंस आणि एक सणसणीत ठेवून दिलीस. मग मला मांडीवर घेऊन तूच रडलीस. नायगावकडच्या आपल्या गावात तुझी आई भाकरीची टोपली घेऊन दारोदार उभी राहायची, उंबऱ्याच्या बाहेर, वरून टाकलेलं झेलायची, हे तू मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलंस. आज्यानं दीक्षा घेतली आणि टोपली बंद केली. मग कितीतरी दिवस घरात नुसती अंबाडी उकडून खाल्ली, पण कुणी कुणाच्या दारात गेलं नाही. "भूक लागली तर पाणी पी," तू म्हणालीस, "पण कुणाच्या दारात हात पसरायचा न्हाई. नुसतं उभंसुदा राहायचं न्हाई." पुढं मी कधी कुणाचं खोडरबरसुद्धा मागितलं नाही. शाळेत सगळे मला गर्विष्ठ म्हणायचे.

आणि मग चोवीस वर्षांपूर्वीची ती दुपार. दोन वेळा मला दिवस राहिले होते, दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात सगळं संपलं होतं. तिसऱ्या खेपेला सातवा लागल्याबरोबर तू मला नांदेडला घेऊन आलीस आणि पाटावरनं उठूसुद्धा देईनास. मी तुझ्या त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेय, तू वरणाला फोडणी देतेयस. फोडणी झाली तशी तू हात पुसलेस, पत्र्याची पेटी उघडलीस आणि ते पांघरूण माझ्यासमोर पसरलंस. किती रंग होते त्यात! शाळेच्या स्वेटरांचा मरून, गडद हिरवा, कुणाच्या तरी झबल्याचा गुलाबी, सरदारकाकूंच्या घरचा केशरी. कडा तेवढ्या विणायच्या राहिल्या होत्या. तू एकेका चौकोनावर बोट ठेवून सांगत होतीस, हा कुणाकडचा, तो कुणाकडचा. मी विचारलं, "म्हणजे विकत नाही आणली लोकर?"

"न्हाई गं बाई. विकतची चालत न्हाई. लेकरं राहत न्हाईत तिथं मागून आणलेलंच लागतंय. जिथली लेकरं जगलीत त्या घरचं. पाच घरचं पुरंल म्हणलं, पण लोकर कमी पडली, मग नऊ घरं फिरले."

नऊ घरं! अंगणवाडीची मदतनीस तू, कुठल्या घरात किती लेकरं, कुणाचं वजन किती, सगळं तुला तोंडपाठ. म्हणून निवडून निवडून गेली होतीस. माझं डोकं फिरलं. आणि तेवढ्यात तू एका पांढऱ्या चौकोनावर बोट ठेवून म्हणालीस, "ही पाटलीणबाईची." आपल्या गावचे पाटील. त्यांनी नांदेडला आपल्याच रस्त्यावर घर बांधलं होतं. त्यांच्याच गावातल्या दारात तुझी आई टोपली घेऊन उभी राहायची.

"त्यांच्या दारात गेलीस तू? त्यांच्या?"

तू खाली मान घालून म्हणालीस, "पाच लेकरं झाली गं तिला. पाचीच्या पाची जगली."

माझ्या तोंडून काय काय निघालं ते तुला आठवतच असेल. आज्याचं नाव काढलं. टोपलीचं काढलं. त्या लाडवांच्या दारातली थप्पड काढली. मला मारलंस ते कशाला मारलंस, म्हणाले. एवढी वर्षं लेकरांना खिचडी वाटलीस, गोळ्या वाटल्यास, डॉक्टरबाईंची भाषणं ऐकलीस, ती कशाला ऐकलीस, म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, "हे भिकेचं पांघरूण माझ्या लेकराच्या अंगाला लागता कामा नये." पांघरुणाची नीट चार पदरी घडी केलीस, पेटीत ठेवलीस आणि मला विचारलंस, चहा टाकू का. मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही.

बाळ आठव्यातच आलं. मुलगा. सहा दिवस काचेच्या पेटीत होता. मला टाके पडलेले, ताप, मी दुसऱ्या मजल्यावर. मला त्याला दोनदाच बघायला मिळालं. सातव्या दिवशी सकाळी तू आणि हे माझ्या खाटेपाशी येऊन उभे राहिलात आणि तुमच्या तोंडाकडं बघूनच मला कळलं. नर्सनं त्याला माझ्याजवळ आणलं. दवाखान्याच्या पातळ हिरव्या कापडात गुंडाळलेला. जानेवारीची थंडी होती, खिडकीची काच फुटकी होती, आणि मी एवढंच म्हणत राहिले की ह्याला थंडी वाजेल, ह्याला थंडी वाजेल. मग तुम्ही दोघं त्याला घेऊन गेलात, नदीकडं. त्या हिरव्या कापडातच तो मला शेवटचा दिसला. पुढं पुन्हा मला दिवस राहिले नाहीत, माय, ते तुला माहीत आहे.

त्या सव्वा महिन्यात तू मला डिंक खाऊ घातलास, अंग शेकलंस, केस विंचरलेस. आणि तू तोंड उघडलंस की मी भिंतीकडं तोंड फिरवायची. आता म्हणेल, आता म्हणेल. मी नको म्हणाले म्हणून गेलं, असं आता ही म्हणेल. तू कधीच म्हणाली नाहीस. एकदा मलाच राहवलं नाही, मी म्हणाले, "म्हण ना एकदाचं! मी ते पांघरूण नाकारलं म्हणून झालं, म्हण." तू हातातला कंगवा खाली ठेवलास. "येडी हायेस का? काय बोलून राहिलीस? फुप्फुसं कच्ची व्हती त्याची. डॉक्टरांनी सांगितलं न्हाई का?" विज्ञानाच्या बाईला अंगणवाडीच्या मदतनिसानं हे सांगावं! मला तेव्हा लाज वाटली आणि बरंही वाटलं, आणि तो विषय आपल्या दोघींत पुन्हा निघाला नाही.

तू गेलीस त्याला आता बारा वर्षं झाली. तेराव्याबिराव्याचं आपल्यात नसतं, पण पाहुणे गेल्यावर मी तुझी पेटी उघडली. खरं सांगू? ते पांघरूणच शोधत होते. लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली क्रोशाची सुई होती, लोकरीच्या चार-दोन बारक्या गुंड्या होत्या. पांघरूण नव्हतं. मला वाटलं, उसवून अंगणवाडीच्या पोरांना टोप्या केल्या असतील. किंवा दिलं असेल दुसऱ्या कुणाच्या लेकराला. आणि मला त्याचा राग आला, बघ. जे मी भिकेचं म्हणून नाकारलं, ते तू दुसऱ्याला दिलंस म्हणून राग. सुई तेवढी मी पर्समध्ये टाकून आणली आणि बारा वर्षं कपाटात ठेवून दिली.

आता ह्या पोरीसाठी मी लोकर मागायला निघाले. आमच्या कॉलनीत. पहिल्या दारात उभी राहिले आणि बेलवर ठेवलेलं बोट दोनदा मागं घेतलं. बाई म्हणाल्या, "या ना मॅडम, काय काम काढलंत?" मी म्हणाले, शाळेच्या हस्तकलेसाठी उरलेली लोकर हवी होती. मागायला आलेय, असं तोंडातून निघेचना. आणि लोकर तरी कुणाकडं आहे आता? "कोण विणतंय मॅडम, सगळं ऑनलाइन येतं." एकीनं पैसे देऊ केले, एकीनं तोरणाचे गोंडे दिले. तरी सहा घरांतून थोडी थोडी मिळाली. तू त्या दारांत कशी उभी राहिली असशील ते मला चौथ्या घरी कळलं. तिथल्या सासूबाई आतूनच ओरडल्या, "कोण आहे गं? काय मागायला आलेत?" मी वळून जिना उतरले, पुन्हा चढले. तुला तर पाटलाच्या पायऱ्या चढायच्या होत्या. काय म्हणाली असशील तू तिथं? हात पुढं केला असशील का पदर? मी तेव्हा हे विचारलं नाही, नुसती बोलत सुटले होते.

तर परवा सकाळी मी जोडलेले चौकोन खाटेवर पसरून बसले होते. नीट झालेत आता, एक-दोन वाकडे आहेत. कडेसाठी काळी लोकर हातात घेतली होती. हे पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघून म्हणाले, "काळं नको लावूस कडेला. आईंनी पांढरं लावलं होतं, ते छान दिसत होतं."

मी म्हणाले, "कुठं लावलं होतं? कड राहिली होती त्याची."

ते पेपर उगाच वरखाली करायला लागले. मी म्हणाले, "तुम्ही तेव्हा लातूरला होतात. तुम्ही ते पांघरूण बघितलं कधी?"

मग त्यांनी सांगितलं. नदीकडं गेल्यावर तू तुझ्या वायरच्या पिशवीतनं ते काढलंस. पांढरी कड लावून पुरं केलेलं. म्हणजे मी एवढं बोलले त्यानंतरही तू विणतच होतीस, माझ्या पाठीमागं, अंगणवाडीत बसून. तू त्याला त्या हिरव्या कापडासकट त्यात गुंडाळलंस. आधी पाय, मग डोकं. कान झाकलेस. यांना वाटलं, झालं; तर तू पुन्हा सोडलंस आणि पुन्हा घट्ट गुंडाळलंस. आणि मातीला हात लावायच्या आधी यांना म्हणालीस, "जावईबापू, तिला सांगू नका. लई बोलंल ती मला."

एवढंच म्हणालीस. यांनी शब्द दिला आणि चोवीस वर्षं पाळला. तू गेल्यावर तरी सांगायचं, मी यांच्यावर ओरडले. तर म्हणाले, "कधी सांगू? त्याचा विषय तू काढूच द्यायची नाहीस." तेही खरं. मग मी ओरडायची थांबले आणि रडले. चोवीस जानेवाऱ्या मी त्याला त्या पातळ कापडात बघत आले, माय. थंडी पडली की मला त्याचे पाय दिसायचे. आणि तो सबंध वेळ उबेत होता. पाटलिणीची, सरदारकाकूंची, सगळ्यांची लोकर होती त्याच्या अंगावर. मागून आणलेली का असेना. तू माझं ऐकलं नाहीस ते किती बरं केलंस गं.

पत्र कुठं टाकायचं नाही, तसा पत्ताही नाही. हे माझी समजूत काढतात. म्हणतात, आई उगाच घाबरल्या, असल्या वेळी तू काही बोलली नसतीस, कोण बोलतं? मी मान हलवली. पण तुला खोटं कशाला सांगू? तू मला बरोबर ओळखून होतीस. तेव्हा कळलं असतं ना, तर पोटाच्या टाक्यांवर हात धरून मी खाटेवरनं उठले असते आणि तुला बोलले असते.