उसवणार नाही म्हणजे नाही

ती. वहिनींना,

हात मशीनवर अडकलेत, त्यामुळे नमस्कार मनातूनच करते. तो पायांपर्यंत पोचला असं समजा. गुडघे कसे आहेत? दादाचा खोकला आणि खोकता खोकता बोलत राहायची त्याची सवय, दोन्हींपैकी काही कमी झालं का? मी ठणठणीत आहे. कोणी वेगळं काही सांगितलं असेल, तर सांगणाऱ्याचं नाव मला माहीत आहे आणि तो तुमच्याच पोटी जन्मलाय.

तर तुमचा गुंड्या. तीन महिन्यांपूर्वी तो आमच्या इस्पितळात व्यवस्थापक होऊन आला, तेव्हा शिवणखोलीत माझ्याइतकी छाती कुणाची फुगली नसेल (खोलीत मी एकटीच असते, तरी). गेल्या महिन्यात त्याने नवीन टूम काढली. नव्या वर्षात प्रत्येकाने स्वतःच्या प्रगतीसाठी एकच शब्द निवडायचा, वर्षभर त्याला जागायचं, आणि तो कोटाच्या खिशावर निळ्या धाग्याने काढून घ्यायचा. माणसं एकशे चाळीस, दिवस अकरा आणि सुई धरणारी कोण, तर तुमची नणंद. वहिनी, एकच शब्द निवडा म्हटलं की माणूस बरोबर स्वतःकडे नसलेली वस्तू मागतो. हाडांचे डॉक्टर 'लवचीकता' लिहून गेले. इतक्या वर्षांत त्यांना मी एकदाही वाकून काही उचलताना पाहिलेलं नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना 'जागृती' हवी होती. एक्स-रेच्या दोघींनी एकाच दिवशी 'वेगळेपण' मागितलं आणि कोणी कोणाची नक्कल केली यावर माझ्या दारात तासभर भांडल्या (शेवटी दोघींच्याही खिशावर तेच काढलं, अगदी एकसारखं). फाटकावरच्या रखवालदाराने 'झोप' लिहिलं होतं, ते वरून नामंजूर होऊन आलं. मला विचाराल तर अख्ख्या यादीत तेवढा एकच माणूस खरं बोलला होता.

आता मुद्द्यावर येते. त्या यादीत स्वयंपाकी होते, माळी होता, रुग्णवाहिकेचा चालक होता. मी नव्हते. नजरचुकीने राहिलं असेल म्हणून त्याच्या केबिनमध्ये गेले. समोर दोन पाहुणे बसले होते. गुंड्याने वरही न बघता सांगितलं, "बाई, काही अडचण असेल तर अर्ज द्या." बाई म्हणाला मला. ज्याची झबली, दुपटी आणि शाळेच्या चड्ड्या (एक तर मागून दोनदा फाटलेली) मी शिवल्या, तो. चारचौघांत आत्या म्हणायला अवघडत असेल, साहेब आहे, समजू शकते. पण मला वाईट वाटलं, वहिनी, फार वाटलं. आणि वाईट वाटलं की मी रडत नाही, शिवायला बसते.

त्याने स्वतःसाठी निवडलेला शब्द होता 'आपुलकी'. एकशे एकोणचाळीस कोटांवर मी शब्द खिशावर काढले, सरळ ओळीत. साहेबांचा तेवढा आतल्या बाजूला, वेगळी पट्टी लावून, दुहेरी धाग्याने, कोट अंगात घालताना दिसेल असा. एक तारखेला सभागृहात सगळे आपापले शब्द मिरवत बसलेले आणि साहेबांचा खिसा कोरा. कुणीतरी विचारलंच. मग फेरीवाला कोटाच्या आतली घड्याळं दाखवतो तसा, एक बाजू उघडून त्याला शब्द दाखवावा लागला. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कागद: शब्द उसवून बाहेर काढा आणि तीन दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर धुलाईखात्यात बदली. खुलासा मी तीन मिनिटांत दिला. शब्द ज्याने पाळायचा त्याला दिसला पाहिजे, म्हणून आतून काढला, उसवणार नाही. सव्वीस वर्षं या मशीनवर बसले आहे. धुलाईखात्यात वाफ असते, सोड्याने हात सोलवटतात, सगळं ठाऊक आहे. पाठवा म्हणावं. हे मशीन सोडताना माझ्या जिवाचं काय होईल ते माझं मी बघेन. तुम्ही त्याची आई म्हणून मध्ये पडाल, फोन कराल, तर आधीच बजावते, माझ्या बाजूने त्याच्याशी चकार शब्द काढायचा नाही.

तुमची (आणि अजून तरी शिवणखोलीतली)
नणंद

ता. क. पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात साहेब स्वतः खाली आले. दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "आत्या, लोक हसतात गं मला." तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी मशीन थांबवलं नाही. उसवणार नाही, एवढंच सांगितलं. तो आला तसा गेला. बदलीचं तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

आणखी एक ता. क. मान वर केली नव्हती, पण कोट पाहिला. तो आला तेव्हा मीच मापं घेऊन शिवलेला कोट, आणि आता खांद्यावरून ओघळतोय. अंगात चार बोटं तरी सैल. माझं माप चुकत नाही. वहिनी, तो जेवतो का, झोप लागते का, त्या खुर्चीत त्याचं काय चाललंय, एकदा जवळ बसवून विचारा. मीच विचारलं असतं, पण सध्या आमचं भांडण चालू आहे.