ठाकरसिंगाची पगडी

२ एप्रिल

आज पुन्हा तेच. आमचे सरदारजी गच्चीवर, पलीकडच्या गच्चीवर ठाकरसिंग. मधे कमरेएवढी भिंत.

"चौथ्या गुरूंनी हे शहर वसवलं, तेव्हा आमच्या पूर्वजाला कसूरहून बोलावून दुकान दिलं." हे म्हणाले. मला नाही, भिंतीला.

ठाकरसिंग आपल्या बायकोला म्हणाला, "दुकानं मागून आली, इंदर. आधी सरोवर खणलं. खणायला कोण होतं? आमचे."

ठाकरसिंगाच्या निरवैरला मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून दोघे बोलत नाहीत. नुसतं ऐकवतात. पहिला कोण आला ते मी पाहिलं नाही. यांनी तरी कुठे पाहिलंय! पण त्यापायी माझ्या तृप्तचं लग्न अडलंय. तिला हा निरवैरच हवा. त्यालाही ती. मुलगी भिंतीपलीकडे राहील — मला आणखी काय पाहिजे?

५ एप्रिल

सरोवराची कारसेवा. पन्नास वर्षांनी पाणी काढलंय. गाळ उपसायला सगळं अमृतसर उतरलंय, जज्ज काय नि टांगेवाला काय. इंदरला आधीच सांगून ठेवलं होतं. तिने तिचा नवरा पुढे ढकलला, मी माझा. दोघे रांगेत शेजारी!

रांग सोडता येत नाही, मागचे ओरडतात. आणि घमेलं घेताना वाहेगुरू म्हणायचं, देणाऱ्याच्या तोंडाकडे बघून. आधी दात आवळून म्हणत होते. मग ठाकरसिंग म्हणाला, "घमेलं अर्धंच भरलंय."

"कंबर माझी आहे की तुझी?"

आणि हसले की दोघे. पाय चिखलात रुतले नसते तर मी नाचले असते.

६ एप्रिल

घात झाला. काल सेवा संपल्यावर दोघांनी पगड्या बदलल्या. चारचौघांत. पगडी बदलली की सख्खे भाऊ, मरेपर्यंत.

"त्याच्या पूर्वजाने खणलं, माझ्याने दुकान मांडलं. बोलावणारे गुरू एकच. भाऊच आम्ही." डोळ्यांत पाणी यांच्या.

"आणि तृप्त?"

डोळे पुसत म्हणाले, "तिला निरवैर भाऊ मिळाला."

रोटी ताटात आपटली मी. तृप्त जेवली नाही.

७ एप्रिल

इंदर आली, नाक पुसत. "वहिनी, भांडत होते तेच बरं होतं."

म्हटलं, रड मागाहून. पगड्या कुठेत ते सांग.

दोन्ही धुतल्या. गाळाने एका रंगाच्या झाल्यात, कितीही घासा.

८ एप्रिल

दोघांना बाजेवर समोरासमोर बसवलं. म्हटलं, "सेवा झाल्यावर पंपाखाली न्हायलात, तेव्हा पगड्या उतरवल्यात. घालताना तुमची ठाकरसिंगाने घातली, त्याची तुम्ही. नंतर बदललीत, ती ज्याची त्याला परत गेली. भाऊबिऊ कोणी झालेलं नाही."

"तू होतीस का तिथे?" हे.

"इंदर होती."

इंदरने मान हलवली. चांगली जोरात.

गल्लीतल्या गुरुद्वाऱ्याच्या ग्रंथीजींना बोलावलं. ते लस्सी संपवून म्हणाले, "आपलीच पगडी आपल्याला मिळाली, तर बदललं काय?"

ठाकरसिंगाने पगडी उलटीसुलटी करून पाहिली. बोलला नाही. हेही बोलले नाहीत. मग हळूच मला विचारतात, "मग आता आम्ही एकमेकांचे कोण?"

"व्याही व्हा," म्हटलं. "तेवढंच शिल्लक आहे."

११ एप्रिल

तृप्तचं ठरलं. लाडू वाटले. ठाकरसिंगाने यांना कडकडून मिठी मारली, वर म्हणाला, "आमचे आधीच आले होते हं."

१२ एप्रिल

हे आरशासमोर पगडी बांधत होते. म्हणाले, "ही माझ्या पगडीहून हातभर लांब आहे. पहिल्या दिवशीच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"त्याला माझी आखूड पडते. तो तरी कुठे बोलला?"