दयाळाची तीन पिल्लं आणि पेरूची एक फांदी

नागपूर, १९ मे

चि. रामाजीस रुपराव भाऊजींचे अनेक आशीर्वाद.

घरात ज्यांचं दुसरं वाक्य कुणी ऐकून घेत नाही, अशा समस्त नवरेमंडळींपैकी तू मला सर्वांत जवळचा, म्हणून हे पत्र तुला. बाहेर आपण दोघंही वजनदार माणसं. तू खाप्याच्या बाजारात उभा राहिलास की चार जण कापसाबद्दल तुझं मत विचारतात. मी सावनेरला व्याख्यान दिलं तेव्हा मंडपवाल्यानंसुद्धा खुर्च्या उचलणं थांबवलं होतं. आणि घरी? घरी मी 'मुद्दा असा आहे की' म्हणून श्वास घेतो, तेवढ्यात तुझी बहीण विचारते, 'दही लावलं का?' असो. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या सत्यवतीच्या पाठीला आराम पडला का? (शेक घ्यायला सांग, मलम चोळून काही होत नाही, मी यावर वाचलं आहे.) इकडे आम्ही सुखरूप आहोत, म्हणजे उन्हानं भाजून निघालेली माणसं जितकी सुखरूप असतात तितके.

आता विषय. आमच्या मागच्या अंगणात, लोखंडी खांबावर, जुनी पत्रपेटी आहे. पत्रं येणं बंद झाल्यापासून तिचं दार मोडून लोंबतं आहे आणि गेली दोन वर्षं तिच्यात दयाळाची जोडी घरटं करते. काळा-पांढरा, शेपटी वर उडवणारा, पहाटे असा गातो की मी माझी भाषणं गुंडाळून ठेवावीत. वच्छला सकाळचा चहा तिथेच, त्या खांबासमोर खुर्ची टाकून घेते. सदतीस वर्षांच्या संसारात तिनं कुणाचं बोलणं न तोडता ऐकलं असेल तर ते त्या पाखराचं. मार्चच्या शेवटी पेटीत चार अंडी होती. एके सकाळी धामण आली (सहा फूट तरी असेल), खांबाला वेटोळे घालत वर गेली, आणि चहा निवेपर्यंत सगळं संपलं. नर-मादी तारेवर बसून ओरडत होती. वच्छलेनं खुर्ची उचलली आणि दुसऱ्या दिवसापासून चहा स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून घ्यायला लागली. रामाजी, तुझी बहीण बोलत नाही तेव्हा काय होतं हे तुला ठाऊक आहे. मी त्याच दिवशी ठरवलं की पुढची अंडी या खांबावरून जाणार नाहीत.

शेजारी म्हणाले, मारून टाका. मी कुंपणाशी उभा राहून त्यांना तिथल्या तिथे उत्तर दिलं: धामण विषारी नाही, ती शेतातले उंदीर खाऊन तुझ्यासारख्या शेतकऱ्याचं धान्य राखते, कायद्यानंही तिला संरक्षण आहे, आणि अंडी खाणं हा तिचा गुन्हा नसून तिचं जेवण आहे, तिचं जेवण रोखणं हे आपलं काम, तिचा जीव घेणं नव्हे! (शेजारी विसाव्या मिनिटाला आत निघून गेले. पटलं असावं.) मग सर्पमित्र दीक्षाबाईंना बोलावलं. या बँकेत नोकरी करतात आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या न्हाणीघरातून साप काढतात. त्यांनी खांब पाहिला, भिंत पाहिली आणि म्हणाल्या, "सर, हिला मी घेऊन जाईन, पन त्यानं काय होते? महिन्याभरात दुसरी येते. तुमी खांबाले गुळगुळीत पत्रा लावा न. अन् आजूबाजूचा चढायचा रस्ता बंद करा." इतकं सोपं. पण मी वाचणारा माणूस. सोप्या गोष्टीवर माझा एकदम विश्वास बसत नाही. आधी फिनाईल शिंपडलं. धामणीनं वासाची दखल घेतली नाही, आम्ही मात्र दोन दिवस घराच्या पुढच्या भागात राहिलो. मग खांबाला ग्रीस फासलं. एप्रिलच्या उन्हात ते पातळ होऊन खाली उतरलं, धामण त्यातून गेली, आणि तशीच काळ्या पोटानं खाटेवर वाळत घातलेल्या कुरडयांवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून केलेल्या कुरडया! वच्छला तेव्हा जे बोलली त्याला मात्र दुसरं वाक्य होतं. तिसरं आणि चौथंही होतं.

म्हणून शेवटी पत्रा. गच्चीवर जुना कूलर पडला होता, त्याचं वरचं झाकण मी नत्थूकडे नेलं. नत्थू म्हणजे आमच्या चौकातला टिनवाला; तो पत्र्याची नळी वळवता वळवता विचारतो, "गुरुजी, हे काहून करून राहिले?" मी त्याला पक्षी, अधिवास, माणसाची जबाबदारी असं सगळं समजावलं. तो म्हणाला, "म्हनजे साप घसरला पाह्यजे. सरळ सांगा न गा." तासाभरात त्यानं दोन फूट उंच, बादलीएवढ्या घेराची नळी करून खांबाला अशी बसवली की बोट लावलं तर बोट घसरावं. (ते झाकण जुन्या कूलरचं नव्हतं, हे संध्याकाळी कळलं. नवा कूलर तुझ्या बहिणीनं साफसफाईसाठी गच्चीवर नेऊन ठेवला होता. तेव्हापासून आमच्या कूलरवर दिवाणाची चादर बांधलेली असते आणि त्रेचाळीस अंशांत मी या प्रकरणावर मत देत नाही.)

एवढ्यात जोडी परतली आणि तीन अंडी घातली. माझ्यासारख्या माणसानं इथे गप्प राहायला हवं होतं. पण मला वाटलं, हा पत्रा एका खांबाचा नाही, हा विचार आहे, आणि विचार लोकांपुढे गेला पाहिजे. १ मे रोजी झेंडावंदन आटोपून सकाळी नऊला मी मागच्या अंगणात लोकार्पण ठेवलं. कॉलनीतले चौदा जण आले. वच्छला प्रमुख पाहुणी. तिच्या हातात फीत कापायला कात्री दिली. आणि समारंभ म्हटला की तोरण हवंच, म्हणून मी स्वतः कुंपणाच्या जाळीपासून थेट पत्रपेटीपर्यंत नायलॉनच्या दोरीचं, झेंडूचं आणि आंब्याच्या पानांचं तोरण ताणून बांधलं. पत्र्याच्या वर. तुझ्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

मी बोलायला उभा राहिलो. पंधराव्या मिनिटाला सभा माझ्या मुठीत होती. एकही जण हलत नव्हता, तोंडं उघडी, डोळे मोठे, कुणाचा मोबाईल वाजला तरी उचलला नाही. अशी सभा मी आयुष्यात कधी बांधून ठेवली नव्हती. मी आवाज चढवला: "या पत्र्यावरून कोणताही साप वर जाऊ शकणार नाही!" आणि माझ्या मागे, डोक्याच्या पातळीवर, धामण तोरणावरून निम्म्याच्या पुढे आली होती. मादी पेटीत अंड्यांवर बसलेली. मला काहीच दिसत नव्हतं; मला दिसली ती वच्छला, कात्री घेऊन सरळ माझ्या अंगावर येणारी. रामाजी, खोटं कशाला बोलू, मला कुरडया आठवल्या. पण ती मला बाजूला सारून गेली आणि एका घावात दोरी कापली. धामण मोगऱ्याच्या वाफ्यात पडली आणि कुंपणाखालून चालती झाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी नमस्कार करून दोन वेळा वाकलो.

पत्रा मात्र खरोखर चालतो. त्यानंतर ती तीनदा आली, तीनदा नळीपर्यंत चढली आणि तीनदा घसरून खाली आली. हे मी डोळ्यांनी पाहिलं. अकरा तारखेला अंडी फुटली. तीन पिल्लं, तिघांची तोंडं पिवळी आणि कायम उघडी. वच्छलेची खुर्ची पुन्हा खांबासमोर आली. परवापासून चहाचे दोन कप बाहेर येतात, आणि दुसरा माझा असतो.

तेव्हा सगळं ठीक आहे. घरच्यांना आशीर्वाद सांग. उन्हात फिरू नकोस.

तुझा,
रुपराव भाऊजी

ता. क. सगळं ठीक नाही. काल सकाळी धामण खांबाकडे फिरकलीच नाही. ती पेरूच्या झाडावर चढली, पेटीच्या बाजूला झुकलेल्या फांदीच्या टोकापर्यंत आली आणि तिथून हवेत अंग ताणलं. एका वितीनं कमी पडली. आज फांदीवर पेटीच्या बाजूला नवी पालवी दिसते आहे. दीक्षाबाईंनी 'चढायचा रस्ता' म्हटलं होतं तो हाच. पिल्लं उडायला अजून पाच दिवस आहेत.

ता. क. दुसरं. मी तेव्हाच कोयता काढला होता. वच्छला झाडाला पाठ लावून उभी राहिली. हे झाड भाऊबीजेला तू तिला ओवाळणीत दिलेलं, साडीऐवजी रोप आणून स्वतःच्या हातानं खड्डा खणून लावलेलं, आणि तिच्या माहेरची म्हणावी अशी या घरात एवढी एकच गोष्ट आहे. तिलाही पिल्लं हवी आहेत. काल दिवसभर ती हातात काठी घेऊन फांदीखाली बसली होती, ऊन डोक्यावर आलं तरी उठली नाही. पण कोयत्याला हात लावू देत नाही. "माह्या भावानं लावलं, तो म्हनन तवाच फांदी तुटन," एवढंच. मी पर्यावरण, प्रमाण, छाटणीनं झाडाचं भलं कसं होतं, हे सगळं सांगितलं. तिनं मला दही लावायला पाठवलं.

ता. क. तिसरं, आणि हे सत्यवतीला वाचून दाखवू नकोस. काल संध्याकाळी मी वच्छलेला सांगितलं की रामाजीशी बोलणं झालं, त्याची परवानगी आहे. ती म्हणाली, "त्याचा फोन फवारनीच्या ड्रमात पडून चार दिवस झाले. कोनत्या फोनवर बोलले तुमी?" तेव्हापासून या घरात माझं पहिलं वाक्यही चालत नाही. आता तू दुसऱ्याच्या फोनवरून सांगितलंस तरी ती म्हणेल की मीच पढवलं. म्हणून हे पत्र तुमच्या गावच्या गाडीवाल्या पियूषच्या हाती पाठवतो आहे. तो इथे कळमन्याच्या बाजारात मिरची उतरवून दुपारी खाप्याला परततो आणि उद्या पहाटे पुन्हा नागपूरला निघतो. कापूस, गुडघा, पाहुणे, काहीही कारण मला कळवू नकोस. उद्या पहाटे त्याच्या गाडीत आरी घेऊन बस आणि ती फांदी तुझ्या हातानं काप.